मनगटं पाहणाऱ्या मावशी

मावशी माणसाचं तोंड नंतर पाहायच्या, आधी मनगटं. पहिल्या भेटीत त्यांनी माझे दोन्ही हात धरून उलटेसुलटे करून पाहिले. बाई भविष्य सांगत असावी, असं समजून मी ऐटीत तळवा पुढे केला. "रेषा नाई पाहून राह्यली जी," त्या म्हणाल्या. "वळ पाहाची सवय हाय." मी निमूट हात मागे घेतला.

वर्ध्याच्या बाजूला एका मनोरुग्णालयात, पुरुषांच्या वॉर्डात त्या आया होत्या. माझा धाकटा भाऊ दिनू तिथे होता. दिनू जन्मापासून बहिरा. बोलायचा हातांनी, आणि ती बोली कुठल्या शाळेतली नव्हती. त्याने आणि आईने सेलूच्या आमच्या स्वयंपाकघरात बसून ती घडवली होती. मला त्यातले पाच-सहा शब्द येत. बोटं चोचीसारखी भराभर उघडमिट केली की झालो मी. घरच्या लग्नकार्यात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे. पंगत उठते, मी उठत नाही. नाव अगदी योग्य होतं. आई गेली आणि दिनू बिथरला. जेवेना, ताटं फेकी, दिसेल त्या घरात शिरे. डॉक्टर म्हणाले भरती करा, मी केलं. परतीच्या बसमध्ये मला हायसं वाटलं होतं, हे इथे एकदा लिहून टाकतो.

रविवारी भेटायला गेलो की मावशी माझी परीक्षा घेत. दिनू दिवसभर कोणकोणते हातवारे करतो, ते त्या जसेच्या तसे करून दाखवत.
"हे म्हंजे काय जी?"
"माहीत नाही."
"अन् हे?"
"तेही नाही."
"मंग तुमी भाऊ कायचे? पाव्हणे हाय तुमी!" असं म्हणून हसायच्या. मीही हसायचो. अशा वेळी दुसरं काय करतात?

एक खूण मात्र मला येत होती. दिनू समोरच्या बाईचा पदर किंवा ओढणी धरून स्वतःच्या डोक्यावर ओढी. ती खूण म्हणजे आई. आई कुठे आहे, असं तो विचारायचा. मी तसं मावशींना सांगितलं. "अन् इथं सारे म्हंतात, बायांच्या अंगावर जाते म्हणून," त्या म्हणाल्या. "यासाठीच बांधतात त्याले." त्या दिवसापासून स्वतःच्या पाळीत त्या आपणहून पदर त्याच्या डोक्यावर टाकायच्या आणि तो सोडेपर्यंत तशाच वाकून उभ्या राहायच्या. बाकीच्या आया चेष्टा करत, "मावशीले पोरगा झाला." मावशी म्हणत, "झाला ना. पेढे कधी आणता?"

पण पाळी आठच तासांची. उरलेल्या वेळात चादरीच्या पट्ट्यांनी दिनूचे हात खाटेला बांधलेले असत. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडात बोळा कोंबावा, तसंच ते. पट्ट्या सोडल्या म्हणून मावशींना बोलणी बसली. वॉर्डाच्या प्रमुखांनी त्यांच्यापुढे एक कागद टाकला. पुढच्या सोमवारी मावशी त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन थेट सेलूला, आमच्या घरी आल्या. चहाला हात लावला नाही.
"भाऊ, ही सही तुमचीच हाय का?"

माझीच होती. भरतीच्या दिवशी सिस्टर म्हणाली इथे, इथे आणि इथे, मी केल्या. सही वळणदार आहे, लोक नावाजतात, म्हणून जरा जास्तच झोकदार केली होती. गरज पडल्यास बांधून ठेवण्यास माझी हरकत नाही, असं सहीच्या वरच छापलेलं होतं.

"दोन ओळी लेहून द्या का बांधाले हरकत हाय म्हणून. अन् एक अर्ज त्या मंडळाले, तपासाले येते ते," मावशी म्हणाल्या. "ते म्हंतात बांधलं का शांत रायते. बांधलेला मानूस चूप रायते भाऊ, शांत नाई रायत."

लिहितो म्हणालो. लिहिलं नाही. अर्ज केला आणि त्यांनी दिनूला घरी घेऊन जा म्हटलं तर? या एका भीतीपायी मी आठ दिवस घालवले. कधी पेन सापडेना, कधी चांगला कागद. बायको शेवटी म्हणाली, "तुमच्याने गोष्टीच सांगणं होते." नवव्या दिवशी लिहिलं.

मंडळाचे लोक आले. असल्या संमतीच्या कागदाला काही किंमत नाही, असं त्यांनी प्रमुखांना सुनावलं आणि पट्ट्या गेल्या. पण त्या आठ दिवसांत कधीतरी, मावशींच्या सुटीच्या दिवशी, दिनूचे हात दिवसभर आवळलेले राहिले होते. उजव्या हाताची दोन बोटं गेली. आहेत जागेवर, पण हलत नाहीत. मावशींचं कंत्राट पुढे वाढलं नाही. दिनूला मी घरी आणलं.

मावशी हिंगणीला लेकीकडे राहायला गेल्या. दिनूला घेऊन एकदा गेलो. तो त्यांच्या पदराखाली डोकं घालून बसला, आणि मी ते आठ दिवस एकदाचे बोलून टाकले. सोमवारपासून, दिवसागणिक, न हसता. मावशी तूर निवडत ऐकत होत्या.
"मले काऊन सांगता जी?" त्या म्हणाल्या. "त्याले सांगा."

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या.

मला आता दिनूच्या चाळीसएक खुणा येतात. काही त्याला तीन बोटांवर नव्याने बसवाव्या लागल्या. पण 'चुकलो' या अर्थाची खूण त्या बोलीत नाही. आईला आणि त्याला ती कधी लागलीच नसावी. दुपारी जेवणं झाली की मी त्याच्यासमोर बसतो, हात वर करतो, आणि ते तसेच हवेत राहतात. दिनू कंटाळत नाही. माझ्या हातांकडे पाहत बसतो, पुढे काय येतं याची वाट बघत.