अक्कांचा अळणी चातुर्मास

साठच्या दशकाच्या सुरुवातीला, बसवनगुडीतल्या आमच्या घरी, एक वारलेले गृहस्थ रोज दुपारी कॉफीला येत. घाबरू नका, फार सभ्य होते. वेताच्या खुर्चीत बसायचे, कोणाला त्रास द्यायचे नाहीत, आणि दिसायचे फक्त आमच्या अक्कांना.

अक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, आणि हे गृहस्थ त्यांचे यजमान. मी या घरात येण्याच्या कितीतरी आधी गेलेले. मी तेव्हा पहिलटकरीण, दुपारी डोळे आपोआप मिटायचे. बाहेर बेंगळूरची भुरभुर, परसात संपिगेचा, म्हणजे सोनचाफ्याचा, वास, आणि माजघरातून अक्कांचा जडावलेला आवाज, "स्वारी आलीय गं. कॉफी आण." मी आणायची. खुर्चीपुढे पेला ठेवून अदबीने मागेही सरकायची. खोटं कशाला सांगू, मला मजा वाटायची.

कारण याच अक्का आषाढापर्यंत मुंग्यांनाही रांगेत चाला म्हणून दटावणाऱ्या होत्या! आता शब्द घसरायचे, पाण्याखालून चालावं तशा भिंत धरून चालायच्या, आणि माझी करपलेली पोळी हसत खायच्या. ते हसू पाहूनच खरं तर मला शंका यायला हवी होती.

मग एकदा स्वारीला निरोप द्यायला म्हणून त्या अनवाणी रस्त्याच्या मधोमध गेल्या. बस करकचून थांबली. ड्रायव्हर जे बोलला त्याचं मराठी मी करणार नाही.

त्या संध्याकाळी सासरे म्हणाले, "सोमवारी वेड्यांच्या इस्पितळात नेऊ. माझीच बहीण, मलाच सांगावं लागतंय." आणि तोंड फिरवून बसले.

सोमवारच्या आत माझ्या नवऱ्याने गांधी बाजारातून एक डॉक्टर आणले. डॉक्टर कन्नड, आणि आमचं मराठीही निम्मं कन्नडच, त्यामुळे बोलण्याची अडचण नव्हती. ते म्हणाले, "अम्मांच्या तोंडात जे जे जातं, ते सगळं आणा."

मी अक्कांच्या रोजच्या झोपेच्या औषधाची बाटली आणली. चिकपेटेतल्या कुणा कंपाउंडरने कधीकाळी सुरू केलेली, आणि संपली की भरून आणायची, एवढंच आम्हाला ठाऊक. डॉक्टरांनी थेंबभर चाखून पाहिलं.

"ब्रोमाइड. पण हे तर वर्षानुवर्षं चालू आहे. मग आत्ताच का चढलं?"

जेवणाची वेळ झाली होती. त्या धुंदीतही पाहुण्याला उपाशी पाठवतील तर त्या अक्का कसल्या! त्यांनी आपल्याच पातेल्यातला आमटीभात वाढला. डॉक्टरांनी घास घेतला आणि ते थांबले. चेहरा असा, की जणू आमटीने त्यांचा अपमान केला होता.

"मीठ स्वल्पही नाही?"

"सोडलंय," अक्का म्हणाल्या. "यंदा पहिल्यांदाच. चातुर्मासभर. या पोरीची सुटका नीट व्हावी म्हणून."

डॉक्टरांनी ताटावर हलकेच चापट मारली. "सरी, बरोबर! सापडलं! मीठ पोटात जात असलं की शरीर हे औषध बाहेर टाकत राहतं. मीठ बंद झालं, की धरून ठेवतं. अम्मा, तुमच्या अंगात औषध साठलंय. तुम्हाला वेडबिड काही लागलेलं नाही. बाटली बंद, मीठ सुरू. आजपासून."

सासऱ्यांनी देवघराकडे वळून हात जोडले. अक्का मात्र हलल्या नाहीत. "नेम मोडायचा नाही. पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे."

"नेम तुमचा भाचा चालवील!" मी भर सभेत जाहीर केलं. "बाळ त्यांचंही आहेच की."

माझ्या नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं! ज्या माणसाला लोणच्याशिवाय दहीभात गिळवत नसे, तो कार्तिकीपर्यंत अळणी जेवला, आणि प्रत्येक घासाला माझ्याकडे बघून जेवला.

त्या दिवशी अक्कांनी मात्र हळूच विचारलं, "मीठ खाल्लं की हे यायचे थांबतील?"

डॉक्टर म्हणाले, "थांबतील, अम्मा."

मी अक्कांच्या पानात भात घालून त्यावर मीठ वाढलं. अक्का त्या रिकाम्या खुर्चीकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाल्या, "निघा आता. पोर अवघडलेली आहे, मला शुद्धीवर राहायला हवं." आणि घास घेतला.

काही आठवड्यांनी एका दुपारी माजघरातून खणखणीत आवाज आला, "ही पोळी आहे की तव्याचं बूड?" सासऱ्यांचे डोळे भरून आले. माझेही, पण कारण वेगळं.

त्याच संध्याकाळी वाती वळताना अक्का मला म्हणाल्या, "रोज निळा कोट घालून यायचे गं. त्यांच्याकडे निळा कोट कधी नव्हताच. तेव्हाच मला कळायला हवं होतं."

वात वळून झाली, दुसरी घेतली.

"पण दिसायचे छान."