चार बाजूंचा गूळ

माघातला सोमवार, कापसाच्या तेजीचे शेवटचे वर्ष. जागा : अमरावतीची कचेरी, मधली खोली. हजर : अध्यक्ष तहसीलदारसाहेब, शहरातले एक वकील, परकोटाबाहेरच्या माळी वस्तीतर्फे गूळपंच, आणि शहर कमिटीचा कारकून म्हणून मी. काम : नव्या घरांच्या परवानगीचे अर्ज.

कमिटीच्या प्रत्येक सभेचे टिपण मी असेच सुरू करत असे. हाताला तेच वळण आहे, म्हणून गूळपंचांविषयी लिहितानाही तसेच लिहिले गेले. त्यांचे खरे नाव कागदोपत्री आहे, पण ते नाव घेऊन विचारले तर माळी वस्तीतही कुणी घर दाखवले नसते. गूळपंच म्हटले की पोरेसुद्धा बोट धरून मळ्यापर्यंत नेत.

अर्ज वाचून झाला की वकील कायदा सांगत, तहसीलदारसाहेब नकाशा मागत आणि गूळपंच एवढेच विचारत, "चारी बाजूंनं गूळ खाल्ला का?" खाल्ला असेल तर त्यांची मान हले. नसेल तर ते उपरणे झटकून उठत आणि म्हणत, "चला मोक्यावर." मग सगळी कमिटी उन्हातून त्या जागेवर जाई.

ही रीत माळ्यांची. नवा पाट काढायचा असला की ज्यांच्या बांधाला तो लागणार त्या सगळ्यांना माळी आधी गुळाचा खडा देतात. ज्याने खडा तोंडात टाकला त्याने पुढे पाण्यावरून भांडायचे नाही. गूळ सगळेच एकमेकांच्या हातचा घेतात, त्यामुळे कुणाची अडचण होत नाही. गूळपंचांनी हीच रीत घरांना लावली. जो घर बांधणार त्याने त्या जागेवर उभे राहून चारी शेजाऱ्यांना गूळ द्यायचा. एकानेही खाल्ला नाही तर अर्ज तहकूब. वकील सुरुवातीला हसले. पण या रीतीने मंजूर झालेल्या घरांवरून कचेरीत एकही भांडण आले नाही, तेव्हा तहसीलदारसाहेबांनी तिला कमिटीचा नियमच करून टाकले.

त्या वर्षांत अर्जांचा नुसता पूर होता. अमेरिकेत लढाई जुंपली आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला मुंबईचे व्यापारी मागू तो भाव देऊ लागले. गाडीवाल्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणे केली. सरकी काढायला, गाठी बांधायला खेड्यापाड्यांतून माणसे आली. परकोटाच्या आत पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि ज्याच्या हाती पैसा आला त्याला माडी हवी होती.

अशाच एका माडीची गोष्ट. दोन सख्खे भाऊ, बरीच वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. धाकट्याला माडीवर खिडकी हवी होती आणि ती थोरल्याच्या अंगणावर उघडणार होती. थोरल्याने गूळ घेतला, पण मुठीतच धरून ठेवला. ऊन वाढले. मूठ काही सुटेना. गूळपंच त्याच्यासमोर मांडी घालून बसले.

"पाटील, मूठ उघडा नाही त तोंड उघडा. गूळ इरघळून राहिला."

"खिडकी दुसऱ्या अंगाले कर म्हनाव, मंग खातो."

"त्यालेच सांगा ना. तो काय लंकेत उभा हाये?"

थोरला भावाकडे वळला आणि अनेक वर्षांनी पहिल्यांदा त्याच्याशी बोलला. बोलला काय, ओरडलाच. पण खिडकी हलली, आणि मुठीत चिकट झालेला गूळ त्याने बोटे चाटून संपवला. परतताना गूळपंच मला म्हणाले, "पाहा लेखणीवाले, आपन खिडकी नाही हलवली. आपन फक्त ऊन खाल्लं."

मला ते नेहमी लेखणीवालेच म्हणत. त्यांच्या मळ्यातली मेथी, वांगी, झेंडू हे सगळे शहरात नावाजलेले होते, आणि आमच्या घराशी त्यांचा घरोबा होता. तरी सभेच्या दिवशी त्यांच्याकडून कोथिंबिरीची काडीही येत नसे. आमच्या घरून विचारणा झाली की ते म्हणत, "वहिनी, आज सभा हाये. आज मी पंच हावो, माळी नाही. मेथी उद्या." सोमवारी आमच्याकडे पिठले होई ते यामुळेच.

आता माघातल्या त्या सोमवारचे सांगतो. अर्ज मुंबईच्या एका सेठजींचा होता, त्यांच्या मुनिमाने आणलेला. बडनेऱ्याच्या रस्त्यालगतची सरकारी पडीक जागा त्यांना मजुरांच्या खोल्यांसाठी हवी होती. जागेला एका अंगाने रस्ता, दुसऱ्या अंगाने सेठजींचाच कापूस दाबायचा कारखाना, तिसऱ्या अंगाने त्यांचीच वखार. चौथ्या अंगाला गूळपंचांचा मळा. मधोमध जुनी सरकारी विहीर. मळ्याची मोट पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावरच चालत आली होती. खोल्या झाल्या की विहीर खोल्यांची होणार आणि मळा कोरडा पडणार, हे मोक्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होते. वकिलांनी गूळपंचांना बाजूला घेऊन हळूच सांगितले, "तुम्ही गूळ खाऊ नका, म्हणजे झाले. नियम तुमचाच आहे."

मुनिमाने गुळाची अख्खी ढेप आणली होती. गूळपंचांनी तिच्याकडे पाहिलेही नाही.

"ढेपेनं काय मले न्हाऊ घालता? खडा पायजे. अन् तुमच्या हातचा नाही. ज्याले इथं राहाचं हाये, त्याच्या हातचा."

मुनीम म्हणाला, "सेठ तर मुंबईला राहणार."

"मंग त्याईले मुंबईत घर बांधू द्या."

वकिलांना वाटले, सुटले. मलाही तसेच वाटले. पण मुनीम हुशार होता. तो कारखान्याच्या आवारात गेला आणि एका बाईला घेऊन आला. गयाबाई तिचे नाव, दर्यापूरकडची, नवरा गाठी वाहताना कमरेत मोडलेला. केसांत कापसाचे तंतू अडकलेले. मुनिमाने तिच्या हातावर खडा ठेवला. तिने तो गूळपंचांपुढे धरला. आपण काय करतो आहोत हे तिला ठाऊक नव्हते.

"घ्या ना बाबा," ती म्हणाली.

"राहाते कुठं तू, बाई?"

"गाडीखाली."

"अन् पानी आलं म्हंजे?"

"गाडीवाला बरा हाये. बैल बाहीर बांधते, आमाले आत घेते."

गूळपंच मळ्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे माय म्हणत असू, बांधावर वांगी तोडायची थांबून इकडेच पाहत होत्या. गूळपंचांना नाही म्हणता आले असते. पण ज्याला राहायचे आहे त्यानेच गूळ द्यावा, ही अट त्यांनीच नुकती घातली होती, आणि राहायला जागा नसलेली बाई समोर हात पुढे करून उभी होती. ते वळले आणि मला म्हणाले, "लेखणीवाले, असं लिवा. पहिली खोली हिची. हिच्या नावानं. मळ्याले लागून जे असंन ते." मी लिहिले. मग त्यांनी खडा उचलला आणि तोंडात टाकला.

बांधावरून माय ओरडल्या, "काहून खाल्लं वो?"

त्यांनी गूळ पुरता विरघळू दिला. नंतर म्हणाले, "तिच्या हातचा होता."

विहीर खोल्यांनी नाही, बांधकामानेच संपवली. चुना मळायला, विटा भिजवायला, भिंतींवर शिंपायला पाणी उपसणे चालूच होते. आधी मेथी गेली, मग वांगी. झेंडू शेवटपर्यंत टिकला, पण फूल बटणाएवढे. पहिली खोली गयाबाईला मिळाली, छपरावर कवेलू घातलेली. मायच्या हातची भाकरी तिच्याकडे आणि तिची सरकीची पेंड मायच्या गाईला, असे काही दिवस चालले. मग मुनिमाने मळाही मागितला, आणखी ओळी बांधायला. वाळलेला मळा ठेवून करायचे काय? गूळपंचांनी तो दिला, एक कोपरा तेवढा ठेवून.

पुढच्या सोमवारी ते सभेला आले ते मेथीची एक जुडी घेऊन. कुठल्याशा कोपऱ्यात तगलेली, पाने पिवळी. ती त्यांनी माझ्या दौतीशेजारी ठेवली.

मी म्हणालो, "आज सभा आहे."

"हाये ना. पन आजपासून मी पंच नाही. ज्याचा मळा नाही तो माळ्याइचा पंच कसा? वहिनीले सांगा, आज सोमवारची मेथी."

तहसीलदारसाहेबांनी खूप समजावले. ते हसले, सगळ्यांना रामराम केला आणि गेले. मायला घेऊन ते भातकुलीला मेहुण्याच्या वावरात राहायला गेले. तिकडून कुणी आले की मी चौकशी करी. म्हणत, बरे आहेत, दुसऱ्याच्या पाटाचे पाणी वळवतात.

लढाई संपली. कापसाचा भाव असा उतरला की वखारीतल्या गाठी उचलायला माणूस येईना. सेठ बुडाले. मुनीम एके दिवशी दिसेनासा झाला. कारखान्याला कुलूप लागले आणि मजूर आले तसे गेले, गयाबाईही गेली. मळ्यावर उठलेल्या नव्या ओळी छपरावाचून तशाच उभ्या राहिल्या. नुसत्या भिंती, दाराच्या जागी भोके. एकदा गूळपंच शहरात आले तेव्हा मी त्यांना तिथे पाहिले. एका अर्ध्या भिंतीवर बसले होते. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "घरं असती त बरं वाटलं असतं. मळा गेला, पन लोकं राहून राहिले असते. आता पाहा ना, ना भाजी ना मानूस." त्यांच्या तोंडून आलेली तक्रार मी ऐकली ती एवढीच. त्या थंडीत ते भातकुलीला वारले. मला कळले तेव्हा दिवसही होऊन गेले होते.

या चैत्रात माय कचेरीत आल्या. अर्ज घेऊन. मळ्याचा राखलेला कोपरा अजून त्यांचा आहे, तिथे एक खोली बांधून राहायचे आहे. "भाच्याच्या दारात मरन नको. जिथं त्याईचा मळा होता तिथं मरन पायजे." नवे तहसीलदार भले आहेत. म्हणाले, आजूबाजूला कोणी राहतच नाही, गुळाचा नियम बाजूला ठेवू, मी आत्ता सही करतो.

मायने कागद मागे ओढला.

"नाही साहेब. त्याईनं मळा देल्ला, पन नेम नाही मोडला. मी मोडू का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी मोका डोळ्यांपुढे आणला. एका अंगाला रस्ता, त्याला गूळ लागत नाही. दोन अंगांना बुडालेल्या सेठच्या भिंती, त्यांचा वारस नाही, तेव्हा त्या सरकारजमा. त्यांच्यातर्फे साहेबांनी मोक्यावर जाऊन मायच्या हातचा खडा तोंडात टाकला. उरले चौथे अंग. त्या अंगाला पहिली खोली आहे, कवेलू फुटलेली, दाराला कडी नसलेली. ती कागदावर आजही गयाबाईची आहे. गूळपंचांनीच ती तिच्या नावाने लिहायला लावली होती.

गयाबाई अकोल्याला कुठल्याशा सरकीच्या कारखान्यात आहे म्हणतात. कुणी म्हणते स्टेशनापाशी, कुणी म्हणते नदीपलीकडे. माय परत भातकुलीला गेल्या आहेत, निरोपाची वाट पाहत. जाताना त्यांनी पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. "तिले म्हना, आता मी मांगून राहिली."

खडा कापडात बांधून फडताळात वर ठेवला आहे. बडनेऱ्याहून आगगाडी आहे, रजाही मंजूर आहे. मृग लागला की गूळ पाझरू लागेल. त्याच्या आत अकोल्याला जायचे आहे. ती सापडली नाही तर मायला काय सांगू, या धाकाने अजून गेलेलो नाही.