बिस्किटांच्या डब्यातल्या गोळ्या

माण गावात आमच्या खोल्यांत कंपनीतली पोरं भाड्यानं राहतात. खोली सोडताना अर्धवट औषधं तिथंच टाकून जातात. ती मी बिस्किटांच्या डब्यात जमवायचे. कुणाला ताप आला, घसा धरला, की आळीतल्या बायका माझ्याकडंच येत. ह्यांनी डबा फेकायला सांगितला होता. मी ऐकलं नाही.

सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, लघवीला जळजळ होऊन ताप आला. डब्यात अँटिबायोटिकच्या होत्या तेवढ्या गोळ्या मी त्यांना दिल्या. ताप उतरला, मी मिरवलं. मग एका सकाळी त्यांना हुडहुडी भरली. लेकालाही ओळखेनात.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंतू रक्तात शिरलेत. "आधी कुठलं अँटिबायोटिक दिलंय?"

शेजारी हे उभे, जाऊबाई उभ्या. मी म्हटलं, "नाही."

रक्त बाटल्यांत भरून तपासणीला गेलं. बाटलीत जंतू वाढला, की कुठलं औषध त्याला मारतं ते आता काही तासांत कळतं. पण आधी वाढायला तर हवा. दुसऱ्या दिवशीही बाटल्या कोऱ्याच, आणि आत्याबाई तापानं फणफणलेल्या. बाई म्हणाल्या, "आजार दुसराच आहे का, बघावं लागेल."

मी त्यांना जिन्यापाशी गाठलं आणि सांगून टाकलं. त्या ओरडल्या नाहीत. "म्हणजे जंतू मेले नाहीत, नुसते दबलेत. हे काल सांगायला हवं होतंत."

पुन्हा रक्त घेतलं, रक्तातलं औषध शोषून घेणाऱ्या वेगळ्या बाटल्यांत. या वेळी जंतू वाढला आणि त्याच दिवशी अहवाल आला. पहिल्या दिवसापासून चालू असलेलं इंजेक्शन त्याला लागूच पडत नव्हतं. दुसरं सुरू झालं, आणि आत्याबाईंनी चहा मागितला. तपासणीला तास लागले. दिवस गेला तो माझ्यापायी.

घरी मात्र जो तो म्हणे, सुनेनं धावपळ करून वाचवलं. मी ऐकून घ्यायचे.

परवा पावटा सोलताना आत्याबाईंना सगळं सांगितलं.

"मला म्हाईत न्हाई व्हय? गिळल्या कुनी हुत्या?"

"मग बोलला नाहीत ते?"

"माज्या लेकाचं तोंड लई फाटकं. जल्मभर ऐकवलं आसतं तुला." त्यांनी किडका दाणा बाजूला टाकला. "डबा कुटं हाय?"

"फडताळात."

"आजून? आगं बया! जा, घिऊन ये. आन् त्याला तूच सांग, मी न्हाई सांगायची."

हे जेवायला बसले तेव्हा डबा मी त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.