अण्णाकडे यंत्र नव्हतं

अण्णा गेल्याची बातमी धारवाडच्या आमच्या मळमड्डीत सगळ्यात शेवटी मला कळली. कुणाच्या मुलीला कुठलं स्थळ आलं, कुणाचं ठरत आलेलं मोडलं, हे ज्या बाईला त्या घरच्या सुनेच्याही आधी कळतं, तिला आपला सख्खा मावसभाऊ सकाळी आठला गेलेला दुपारी तीनला कळावं, याला काय म्हणायचं... त्या दिवशी मी अळनावरला मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला गेले होते. फोन पर्सच्या तळाशी. पोहे झाले, चहा झाला, मुलामुलीला बोलायला गच्चीवर पाठवून झालं, तेव्हा सहज फोन काढला तर प्रवीणचे सात कॉल. प्रवीण म्हणजे अण्णाचा पुतण्या, हुबळीला असतो. "आत्या, काका गेले. खुर्चीत बसल्या बसल्या. तुमची वाट बघितली, मग आटपून घेतलं सगळं," तो म्हणाला. मी तिथंच जिन्यावर बसून रडायला लागले, आणि मुलीकडच्यांना वाटलं स्थळ नापसंत झालं.

त्याला आता दीड महिना होत आला. या पुरवणीसाठी त्याच्याबद्दल लिहा, असा निरोप आला तेव्हा मी दोन दिवसांत लेख लिहून तयार ठेवला होता. त्यात अण्णा फार थोर माणूस होता. तो कागद मी फाडला. हा दुसरा आहे.

श्रीधरअण्णा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. दिवसा सरकारी कचेरीत कारकून, आणि कचेरी सुटली की मनकवडा. गणपतीत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्याचे मन ओळखण्याचे प्रयोग व्हायचे. स्टेजवर एक खुर्ची, एक पाटी आणि खडू. अंगात पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, म्हणजे आत काही लपवलेलं नाही हे दिसावं. समोरच्या माणसाला म्हणायचा, "मनात एक नाव धरा. सांगू नका. नुसतं धरा." मग तो गप्प व्हायचा. त्याची ती गप्प बसण्याची कला मी आयुष्यात दुसऱ्या कुणाकडे बघितली नाही. पाचशे माणसं श्वास धरून बसायची, एखादं तान्हं रडायला लागलं तर आई त्याला घेऊन बाहेर पळायची, आणि हा शांतपणे पाटीवर नाव लिहायचा. पाटी वळवली की मंडपात आधी सन्नाटा आणि मग टाळ्या.

आमचं नातं मात्र स्टेजवरचं नव्हतं, स्वयंपाकघरातलं होतं. त्याची बायको लवकर गेली. त्याचं घर माझ्या घरापासून चार घरं सोडून. रोज संध्याकाळी साडेसहाला तो चहाला यायचा. मी शाळेत मास्तरीण, आणि शाळा सुटल्यावर आपल्या मराठी मंडळींच्या मुलामुलींचे बायोडाटा गोळा करायचे, पत्रिका जुळवून द्यायचे. फुकटची हौस. त्या निमित्तानं निम्म्या धारवाड-हुबळीची घरं मला आतून माहीत झाली. घरी आल्यावर हे सगळं सांगणार कुणाला? आमचे हे स्वभावानं अबोल, त्यात वर्तमानपत्राच्या आड. मुलं लांब. एकटा अण्णा होता, जो भुईमुगाच्या शेंगा सोलत ऐकायचा. मी थांबले की कानडीत म्हणायचा, "मुंदे?" म्हणजे पुढं काय झालं. त्या 'मुंदे'साठी मी दिवसभर गोष्टी जमवायचे, हे आज लपवत नाही. एखाद्या बाईचं बोलणं इतकं मन लावून ऐकणारा पुरुष आपल्याकडे किती जणींच्या वाट्याला येतो...

प्रवीणनं काकाचीच विद्या उचलली, पण नव्या पद्धतीनं. तो कंपन्यांच्या मेळाव्यांत प्रयोग करतो. परदेशातून त्यानं एक वही मागवली होती. दिसायला साधी. तिच्यावर तुम्ही काही लिहिलं की ते त्याच्या फोनवर उमटायचं. बुटात ठेवायचं एक बटण होतं, ते टाचेखाली थरथरून खूण द्यायचं. किंमत ऐकून मी म्हटलं, अरे, यात एक स्कूटर आली असती. अण्णा हसला. "बॅटरी उतरली की तुझी विद्या उतरली," तो प्रवीणला म्हणाला. "माणूस यंत्रासाठी येत नाही रे. तू त्याच्याकडे कसा बघतोस, त्यासाठी येतो." प्रवीण म्हणाला, "काका, आताची माणसं नुसत्या बघण्यावर भुलत नाहीत. अचूक पाहिजे." हा वाद त्या दोघांचा वर्षानुवर्षं चालला, आणि मी नेहमी अण्णाच्या बाजूनं भांडले.

मला तर पुरावाच मिळाला होता. हुबळीत कोप्पीकर रोडवरच्या एका हॉलमध्ये व्यापाऱ्यांचं कौटुंबिक संमेलन होतं. प्रयोग प्रवीणचा, अण्णा आणि मी पहिल्या रांगेत. हॉलमध्ये सगळ्यांच्याच हातात फोन, नेटवर्क बसलं, आणि वहीवर लिहिलेलं काही त्याच्यापर्यंत पोचेना. बिचारा घामाघूम झाला. तेव्हा अण्णा उठला, माइक घेतला, आणि एका कापडवाल्याच्या म्हाताऱ्या आईसमोर जाऊन उभा राहिला. पाटी नाही, खडू नाही. बराच वेळ तिच्याकडे बघून म्हणाला, "आजी, लग्न होऊन आलात तेव्हा माहेराहून कुणाला तरी बरोबर आणलं होतं. चार पायांचं... चिंगी." त्या आजी पदरानं डोळे पुसत हसल्या. मांजराचं नाव होतं ते. हॉल उभा राहिला. परतताना रिक्षात मी प्रवीणला म्हटलं, "बघितलास? ह्याच्याकडे यंत्र नाही. नुसते डोळे आणि जीभ." अण्णा रिक्षातून बाहेर बघत होता.

आता कमलबद्दल लिहायला हवं. हे तिचं खरं नाव नाही, आणि तिच्या परवानगीनं लिहिते आहे. कमल माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचं लग्न आधी एका मुलाशी ठरत आलं होतं. त्याला सुमंत म्हणूया. तबला वाजवायचा. ते मोडलं, दुसरीकडे लग्न झालं, संसार चांगला झाला. सुमंतबद्दल तिनं एकट्या मला सांगितलं होतं, तेही एकदाच. बारा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या गणपतीत अण्णानं प्रयोगात तिला वर बोलावलं. "खूप वर्षांत न भेटलेल्या कुणाला तरी आठवा." गप्प राहिला. पाटी वळवली. सुमंत. "वर्गातला असेल, नाही?" असं म्हणून त्यानं गोड हसून विषय मिटवला आणि मंडपभर टाळ्या झाल्या. तिचे यजमान तिसऱ्या रांगेत होते. तेही टाळ्या वाजवत होते. कमलचं तोंड पांढरं पडलं होतं. मांडवाच्या मागं येऊन तिनं माझा दंड धरला. "कुसुम, तू सांगितलीस काय त्यांना?" मी मांडवातल्या गणपतीकडे हात करून शपथ घेतली. खोटी नव्हे हो, मला खरंच आठवत नव्हतं. "मग त्यांना दिसलं म्हणजे," ती म्हणाली. "माझ्या तोंडावर दिसलं." मी म्हटलं, "अण्णाला दिसतं बाई सगळं." वर आणखी अभिमानानं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चहाला मी हे अण्णाला सांगितलं. कमलला शंका आली होती, मी शपथ घेतली, तिचा विश्वास बसला. तो म्हणाला, "बरं केलंस." आणि शेंग फोडून म्हणाला, "मुंदे?"

तेराव्या दिवशी, माणसं पांगल्यावर, प्रवीणनं अण्णाच्या कपाटातून बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "हे तुमच्याकडेच राहू दे, आत्या. तुम्ही दोघांनी मिळून केलेलं आहे." आत पोस्टकार्डाएवढी कार्डं, आडनावांप्रमाणे लावलेली, अण्णाच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात. शेकड्यांनी. प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात कुठून कळलं त्याची खूण. कचेरी, न्हावी, किराणा... आणि निम्म्याहून जास्त कार्डांवर नुसतं 'कु.' "काका म्हणायचे," प्रवीण हसत म्हणाला, "तुझ्या वहीपेक्षा माझी कुसुम भारी. चार्जिंग लागत नाही, नेटवर्क लागत नाही. म्हणून मला वाटायचं, आत्या, तुम्ही काकांच्या भागीदार आहात." मी त्याच्याकडे बघत राहिले तेव्हा त्याचं हसू गेलं. "तुम्हाला माहीत नव्हतं?" त्यानं विचारलं. त्या पोराचा काही दोष नाही. माझं तोंड बघून तोच जास्त घाबरला.

कापडवाल्यांचं कार्ड सापडलं. 'आजी. माहेरचं मांजर, चिंगी. कु.' त्या घरच्या नातवाची पत्रिका माझ्याकडे आली होती तेव्हा आजींनीच मला सांगितलेलं, आणि त्या दिवशी हॉलमध्ये ते मला आठवलंही नव्हतं. मग मी कमलचं शोधलं. 'सुमंत, तबला. ठरत आलेलं मोडलं. अजून नाव निघालं की पदर सारखा करते. कु.' पदर सारखा करते... हे माझे शब्द. ते वाचल्याबरोबर आठवलं, कमलच्या भाचीचं स्थळ बघत होते मी, आणि बोलण्याच्या ओघात कधीतरी बोलून गेले होते. कार्ड उलटलं. मागं वेगळ्या शाईत एकच ओळ होती. 'कु.नं शपथ घेतली. विश्वास बसला.'

मला राग आला, असं लिहिणं कमी पडेल. तीस वर्षं मी ज्याला भाऊबीजेला ओवाळलं, त्यानं माझी शपथसुद्धा टिपून ठेवली. प्रवीणनं त्याचं यंत्र निदान विकत आणलं होतं. अण्णानं मला चार शेंगा आणि एक 'मुंदे' यांवर वापरलं, आणि जगाला सांगितलं की आपले हात रिकामे आहेत. दोन रात्री मला झोप नाही. तिसऱ्या दिवशी मनाला बजावलं की बाई, न्यायानं बोल. तीच चिंगी माझ्याजवळही होती ना? माझ्याजवळ ती नुसती पडून होती. तिच्यावर हॉल उभा करायला अण्णाच लागला. ते थांबणं, ते बघणं त्याचंच होतं, कुठल्या डब्यातून आलेलं नव्हतं. तेव्हा त्या दोघांच्या वादाचं उत्तर द्यायचं तर दोघंही बरोबर होते. यंत्र लागतंच, आणि ते यंत्र नाहीच असं भासवणारा माणूसही लागतो. एवढं कबूल करूनही राग जात नाही. ज्याला जादू दाखवली त्याला निदान टाळ्या वाजवून घरी जाता येतं, मला कुठं जायचं ते कळेना.

शेवटी कलघटगीला गेले. कमल आता तिथं असते. त्या गणपतीनंतर वर्षभरात ती दोघं यजमानांच्या गावच्या घरी राहायला गेली होती. मला वाटलेलं, निवृत्तीमुळे. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. ती ओसरीवर चिंच फोडत बसली होती. मी कार्ड तिच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं, शपथेसकट. तिनं चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या.

"म्हणजे माझ्या तोंडावर काही नव्हतं?" तिनं विचारलं.

"काहीसुद्धा नव्हतं. कार्डावर होतं. मी सांगितलेलं."

ती चिंचोके वेगळे करायला लागली. मग हळू आवाजात बोलायला लागली. "ह्यांनी टाळी वाजवली होती गं त्या दिवशी. मला वाटलं, अण्णांना एका मिनिटात दिसलं, तर ह्यांना रोज जेवताना दिसत असणार. म्हणून मी कधी समोर बसून जेवलेच नाही. आत बसायची. हे म्हणायचे, कमल, ये की, बस की जेवायला. मी म्हणायची, तुमचं होऊ दे. एकदोन वर्षं म्हणाले. मग म्हणायचं सोडून दिले." मी तिचे पाय धरायला वाकले. "ऊठ," ती म्हणाली, "चिंचेत पदर पडतोय तुझा." निघताना मी विचारलं, हे लिहू का? ती म्हणाली, "नावं बदल आणि लिही. तोंडावर काही नव्हतं, हे मात्र नक्की लिही."

लिहिलं आहे.

कलघटगीहून धारवाडला येईपर्यंत बसमध्ये मी मनातल्या मनात बोलत होते. आधी चिंचेचं सांगावं, मग तिनं चष्मा लावला ते, आणि तिच्या यजमानांचं अगदी शेवटी, म्हणजे जास्त लागेल... असं जुळवत जुळवत घराच्या फाटकापाशी आले. तिथं आल्यावर लक्षात आलं की हे सगळं मी अण्णाला सांगायला जुळवत होते. दुसऱ्या कुणाला काही सांगायची मला सवयच नाही.