निम्मे सभासद, संचालक एकही नाही

साखर कारखान्याच्या निवडणुकीत प्रत्येक सभासदाला सगळ्या जागांसाठी मतं देता येतात. आमच्या इस्लामपूर भागात माणसं एकच चिन्ह धरून शेवटच्या मतपत्रिकेपर्यंत शिक्के मारत जातात. त्यामुळं आमचं पॅनेल प्रत्येक जागेवर थोडक्यात पडलं, आणि जवळजवळ निम्म्या सभासदांचा एकही संचालक निवडून आला नाही.

समोरच्या पॅनेलमधून जिंकलेला माझा चुलतदीर गुलालानं माखून दारात आला. म्हणाला, "वैनी, आता पाच वर्षं गप बसा."

"मतं जरा जास्त पडली म्हणून सगळा कारखाना तुमचा व्हय, भावजी?"

सगळ्या सभासदांच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी पहिलाच ठराव वाचून विचारलं, "मंजूर?" पुढच्या रांगांतून नेहमीप्रमाणं आरोळी उठली, "मंजूर, मंजूर!"

मी उभी राहिले. "नामंजूर! आरडाओरडा कसला ऐकताय? हात मोजा."