हवालदारांच्या मैदानावरचा बोर्ड

ठण्ण!

हा आवाज ऐकून आता कितीतरी वर्षं झाली. तरी कुठे पत्र्यावर काही आपटलं की माझी मान आपोआप वर होते. फुटबॉल पत्र्याच्या बोर्डावर आदळल्याचा तो आवाज. आणि त्याच्यापाठोपाठ सगळ्या मैदानाचं एकदम, "वाह!"

आम्ही चार म्हातारे बसलो की हे किस्से निघतात. एक जण एक आणून टाकतो, दुसरा त्याच्यावर दुसरा टाकतो, बघता बघता ढीग होतो. मी शिकलेला कमी, आणि बोलतो हळू. माझा किस्सा संपायच्या आत लोक चहा पिऊन उठतात. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. लिहिताना मधेच कोणी "बस, समजलं" म्हणत नाही!

*

तेव्हा ग्वाल्हेरला महाराजांचं राज्य होतं. लष्कर भागाच्या टोकाला एका सरदारांचा माळ होता, नुसता दगडांचा. फौजेतून पेन्शनवर आलेल्या एका हवालदारांनी आणि त्यांच्या बायकोने तो हाताने वेचून साफ केला. मूलबाळ नव्हतं. सकाळी दोघं टोपल्या घेऊन यायची आणि ऊन चढेपर्यंत दगड वेचायची. मग पोरं तिथे फुटबॉल खेळायला लागली, मग टीम झाली, मग मॅची. बाई गेल्या. हवालदार रोज येत राहिले, एक जुना, कुरकुरणारा लोखंडी रोलर ओढत.

मैदानाला तिकीट नव्हतं. एकच नियम होता. आत येताना जमिनीवरचा एक दगड उचलायचा आणि कडुनिंबाखालच्या ढिगावर टाकायचा. मग बसा कुठेही.

एकदा दरबारातले एक बडे अधिकारी मोटारीतून आले. हवालदारांनी नियम सांगितला. साहेब तापले. "मी कोण आहे, माहीत आहे का?"

हवालदार म्हणाले, "माफी असावी, साहेब. तुमच्यासाठी जरा मोठा बघतो."

*

पुढे सरदारांनी तो माळ एका सेठजींना विकला. सेठजींचा केसांच्या तेलाचा कारखाना होता. तेलाचं नाव रूपगंगा. मी त्याच कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवायचो.

सेठजी वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगतो. त्यांनी पाण्याची टाकी बांधली, बाकं टाकली. आणि मग एका गोलच्या मागे दोन खांबांवर पत्र्याचा बोर्ड उभा केला: रूपगंगा केशतेल मैदान. अक्षरं एवढी मोठी, की कडुनिंबाखालूनही वाचता यायची. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही ती टोचली.

आमचे नाना, ज्यांचं टोपी बाजारात टोप्यांचं दुकान होतं, बराच वेळ बोर्डाकडे बघत उभे राहिले. मग खाली बघितलं. आमच्या मैदानावर गवताची एक काडी नव्हती.

"वा रे वा," नाना म्हणाले, "टकलावर तेलाची पाटी!"

*

कानपूरहून सेठजींचे एक एजंट आले. पडावला, म्हणजे स्टेशनावर, गाडीतून उतरले आणि टांगेवाल्याला म्हणाले, "रूपगंगा मैदान चलो."

टांगेवाला करीमचाचा. आमची एकही मॅच त्याने सोडलेली नव्हती. "बैठिए हुजूर," म्हणाला. आणि फिरवलं त्यांना! टोपी बाजार दाखवला, दाल बाजार दाखवला, दोन देवळं, एक दर्गा दाखवला. प्रत्येक चौकात टांगा थांबवून विचारायचा, "क्यों भई, रूपगंगा मैदान कहाँ है?" आणि प्रत्येक चौकात उत्तर एकच, "नाम ही नहीं सुना."

टांगा परत पडावला आला. एजंट घामाने भिजलेले. "अरे वो," ते ओरडले, "जहाँ हवलदार रोलर खींचता है!"

करीमचाचाने लगाम उचलला. "तो पहले बोलते हुजूर. घोड़े को भी मालूम है."

*

आता त्या आवाजाचं सांगतो.

आमचा फॉरवर्ड रघू शिंदे. पायात तोफ, पण नेम जरा कच्चा. झाशीच्या टीमबरोबर मॅच होती. रघूचा शॉट गोलच्या वरून गेला आणि बोर्डावर बसला. ठण्ण! 'केश'वरचा रंग उडाला. मग जे मैदान उठलं! टोप्या उडाल्या. नानांनी तर विकायला आणलेल्याही उडवल्या.

झालं. त्या दिवसापासून आमच्या टीमचा खेळच बिघडला. समोर रिकामा गोल असला तरी पाय बोर्डाकडेच वळायचे. हाफटाइमला बाजू बदलली की आमच्या बॅकनाही आपल्याच गोलवरून बॉल मागे मारायचा मोह व्हायचा. ती मॅच आम्ही चार गोलांनी हरलो आणि रघूला खांद्यावर घेऊन मिरवलं.

झाशीचा कॅप्टन चक्रावला. त्याने मला विचारलं, "भाईसाहब, जीता कौन?"

मी म्हटलं, "गोल तुमने किए."

गंमत पुढेच आहे. सेठजी खुर्चीवरून हे सगळं बघत होते. बोर्डाला बॉल लागला की लोक नाचतात, एवढंच त्यांना दिसलं. त्यांना वाटलं, काय प्रेम आहे! पुढच्या आठवड्यात त्यांनी दुप्पट मोठा बोर्ड लावला. रघूच्या डोळ्यांत पाणी आलं.

*

लोकांना तेलाची गोडी लागावी म्हणून एका मॅचला फुकट बाटल्या वाटल्या. लेबलं मीच लावलेली. लोकांनी हसत हसत घेतल्या.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचे मॅनेजर मैदानावर चौकशीला आले. नानांना म्हणाले, "कसं वाटलं तेल? काही फरक?"

"फरक म्हणजे!" नाना म्हणाले. "इतक्या वर्षांची कुरकुर एका रात्रीत बंद!"

मॅनेजर खूष. वही काढली. "कुठे लावलं होतंत?"

नानांनी बोट दाखवलं. हवालदार रोलर ओढत होते. मुळीच आवाज येत नव्हता.

*

मग आम्हा कामगारांना हुकूम निघाला. मॅचच्या वेळी मॅनेजर भोंग्यातून "रूपगंगा मैदान की" म्हणतील, आपण "जय" म्हणायचं. जो म्हणणार नाही त्याने कामावर यायचं नाही. मला बायको होती, म्हातारी आई होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे कामगार ढिगावर आपापला दगड टाकून रांगेत बसलो. मॅनेजर ओरडले. कोणाचंच तोंड उघडलं नाही. तेवढ्यात रघूने गोल केला, खराखुरा, आणि सगळा गलका झाला.

मला बोलावणं आलं. "तू का नाही बोललास?"

मी म्हटलं, "साहेब, मी हळू बोलतो. जय ओठांपर्यंत आला होता, तेवढ्यात गोल झाला."

मॅनेजरनी वही मिटली. मग म्हणाले, "गोल चांगला होता."

*

एका संध्याकाळी मी हवालदारांना विचारलं, "काका, तुम्हाला नाही वाटत काही?"

ते रोलरवर बसले होते. "जमीन सेठजींची आहे, बेटा. कागद आहे त्यांच्याकडे." रोलरवरची माती हाताने झटकत म्हणाले, "तिचे पाय दुखायचे. तरी म्हणायची, आजची एक टोपली अजून." मग उठून रोलर ओढायला लागले. त्या दिवसानंतर मी बोर्डाकडे बघून हसलो नाही.

*

शेवटचा किस्सा, आणि मग बस.

सेठजींना अखेर कळलं की गाव बोर्ड वाचतं, पण नाव घेत नाही. मग त्यांनी मोठी मॅच ठेवली, मंडप घातला, एका सरदारांना पाहुणे म्हणून बोलावलं. हवालदारांना निरोप गेला: मॅचच्या आधी सगळ्यांसमोर तुम्ही आपल्या तोंडाने मैदानाचं नवं नाव सांगायचं. तुमचं लोक ऐकतात. सांगितलंत तर जन्मभर मैदानावर या, बसायला खुर्ची देऊ. नाही सांगितलंत तर उद्यापासून फाटक बंद.

हवालदारांनी निरोप ऐकून घेतला. आणि परत रोलर ओढायला लागले.

त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. कडुनिंबाखालचा ढीग माणसाच्या उंचीचा झाला. सेठजी तेवढे मोटारीतून थेट मंडपात उतरले होते. हवालदार फौजेचा जुना कोट घालून आले. बटणं घासून चमकवलेली. दोन्ही टीम उभ्या होत्या. सेठजी हात धरून त्यांना मैदानाच्या मधोमध घेऊन गेले, आणि भोंगा त्यांच्या तोंडापुढे धरला. "हवलदार साहब, बस एक बार."

एवढी माणसं, पण लांबवर पडावला इंजिन वाफ सोडत होतं ते ऐकू येत होतं. नानांनी माझा हात दाबून धरला होता.

हवालदारांनी बोर्डाकडे बघितलं. मग खाली बघितलं. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू ते वाकले. बॉलच्या जवळच एक दगड वर आला होता, सुपारीएवढा. तो त्यांनी उचलला, कोटाला पुसला. सेठजींचा मोकळा हात आपल्या हातात घेऊन तो दगड तळव्यावर ठेवला, आणि त्यांची बोटं एक एक करून त्याच्यावर मिटवली.

सेठजींनी भोंगा खाली केला. ते आपल्या मुठीकडे बघत होते. मग त्यांनी मान वर करून कडुनिंबाकडे बघितलं.

हवालदारांनी रोलर होता तिथेच राहू दिला आणि ते फाटकाकडे चालायला लागले.