बिनचिठ्ठीचा बीकर

आमच्या प्रयोगशाळेत फेस काढावा तो वहिनींनीच. अकरा वर्षं त्यांनी आमच्या बाटल्या, नळ्या, बीकर घासले. त्यांचे यजमान तिथेच वॉचमन होते. त्यांना सगळे दादा म्हणायचे, म्हणून या वहिनी. दादा अचानक गेले, घरी सासूबाई आणि पदरात दोन वर्षांची मुलगी. वहिनी रोजंदारीवर सिंकपाशी उभ्या राहिल्या, त्या राहिल्याच.

मी तिथला तंत्रज्ञ. तापट माणूस, लपवून काय उपयोग? वहिनींना कामाला लागून महिना झाला नसेल, त्यांनी एक बीकर ओतून धुऊन टाकला. त्यात माझं सहा आठवडे खपून शुद्ध केलेलं प्रथिन होतं. मी आकाशपाताळ एक केलं, सगळ्यांदेखत नको नको ते बोललो. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. तेव्हापासून प्रत्येक भांड्यागणिक एकच प्रश्न, "भाऊजी, हे धुऊ की ठेवू?" दिवसातून चाळीस वेळा! कान किटले माझे.

मग भांडी धुण्याचं यंत्र यायचं ठरलं. पुढच्या महिनाअखेर वहिनींचं काम बंद. तेव्हाच मी निवृत्त होणार होतो आणि माझी जागा प्रात्यक्षिक परीक्षा घेऊन भरायची होती. बारावी सायन्स झालेल्या कुणालाही बसता येणार होतं. वहिनी झालेल्या होत्या. माझ्यापुढे येऊन म्हणाल्या, "मला शिकवाल?"

"वहिनी, प्रथिन शुद्ध करणं म्हणजे बाटल्या घासणं नव्हे." जीभच तशी माझी.

"म्हणून तर विचारतेय."

पहिली पंचाईत त्यांच्या हातांचीच. अकरा वर्षं फेस काढलेले हात, आणि इथे फेस आला की प्रथिन बिघडलंच समजा. मी ओरडायचो, "हळू! भांडं नाही घासायचं!" शीतखोलीत दोन स्वेटर घालून त्या बर्फातल्या द्रावणात चिमूटचिमूट क्षार सोडत बसायच्या. तीन आठवड्यांनी असं ढवळायला लागल्या की वर एक बुडबुडा दिसेना. मी बघतच राहिलो. मला हे जमायला दोन वर्षं लागली होती, आणि तेही कसंबसं.

घरी त्या ताटात पाण्याचे थेंब मोजून सराव करायच्या. आठवीतली लेक गणितं तपासायची. सासूबाई कुरकुरायच्या, "मला प्यायला तरी न मोजता दे गं बाई!"

परीक्षा तीन दिवसांची. बटाट्यातलं एक एन्झाइम वेगळं काढायचं. बाहेरून परीक्षक बाई आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कॉलम होता. कॉलम म्हणजे बारीक मण्यांनी भरलेली काचेची नळी. एन्झाइम मण्यांना चिकटतं, बाकीचं वाहून जातं, मग खारं पाणी सोडून एन्झाइम सोडवून घ्यायचं. त्या पाण्याच्या चाळीस नळ्या वहिनींनी तपासल्या. एन्झाइम असेल तिथे पिवळा रंग यायला हवा. चाळीसच्या चाळीस नळ्या पाण्यासारख्या! बाईंनी घड्याळ बघितलं. "इथेच थांबायचं का?"

पण वहिनी बर्फाच्या डब्याकडे वळल्या. सकाळपासूनचं एकेक पाणी तिथे चिठ्ठी लावून ठेवलेलं होतं. 'आधी वाहून गेलेलं' अशी चिठ्ठी असलेल्या बीकरमधला थेंब त्यांनी तपासला आणि नळी पिवळीधमक झाली. अख्खं एन्झाइम तिथे होतं! मण्यांनी काही धरलंच नव्हतं. एन्झाइम ज्यात मिसळून कॉलमवर सोडलं होतं त्या पहिल्या द्रावणाच्या बाटलीत वहिनींनी मीठ मोजायचा मीटर बुडवला. मीठ हवं त्याच्या दहापट, मग एन्झाइम चिकटणार कसं?

"हे आयतं दिलेलं द्रावण," बाई म्हणाल्या. "कुणी केलं? की तुमच्याच हातून यात जास्तीचं मीठ पडलं?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. निवृत्तीला आठ दिवस होते आणि चौतीस वर्षांत माझ्या नावावर एक चूक नव्हती. बाटलीवर चिठ्ठीही नव्हती. गप्प बसलो असतो तर खापर त्यांच्या डोक्यावर फुटलं असतं, आणि जागा गेली असती.

"मी केलं," मी म्हटलं. "चूक माझी."

बाईंनी एक दिवस वाढवून दिला. वहिनींनी मीठ काढून टाकलं, पुन्हा कॉलम चालवला आणि शेवटी जेलवर एन्झाइम शुद्ध झाल्याची खूण, एकच रेघ उमटली, स्वच्छ. इतकी सुंदर रेघ मला आयुष्यात कधी जमली नाही, हे मी बाईंसमोर मोठ्याने सांगितलं. जागा वहिनींना मिळाली.

शेवटच्या दिवशी कपाटाच्या किल्ल्या त्यांच्या हातात देताना मी म्हटलं, "वहिनी, तो अकरा वर्षांपूर्वीचा बीकर. त्याच्यावर मी चिठ्ठीच लावली नव्हती. उगाच बोललो तुम्हाला."

"ठाऊक आहे, भाऊजी. चिठ्ठी असती तर वाचली नसती का मी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग इतकी वर्षं रोज चाळीस वेळा विचारत होतात ते?"

किल्ल्या कमरेला खोचत त्या हसल्या. "तुम्ही त्यानंतरही लावत नव्हतात म्हणून."